तुम्ही विचारलंत म्हणून: राज्य नसताना चीनमध्ये इंग्रजांचं एवढं चाललं कसं?

मुंबईच्या जुन्या व्यापाराविषयी बोलायला उभा राहिलो की हा प्रश्न ठरलेला. चीनमध्ये इंग्रजांचा ना व्हाइसरॉय होता, ना कलेक्टर. मग वचक कशाचा?

बहुतेकांना उत्तर तोफांचं हवं असतं. ते खोटं नाही. माळव्याची अफू मुंबईहून दक्षिण चीनमधल्या कँटन बंदरात जायची आणि त्या धंद्यात ब्रिटिश व्यापारी जार्डिन यांच्याबरोबर जमशेटजी जीजीभॉय होते (हो, जे. जे. रुग्णालयवाले). १८३९ मध्ये चिनी बादशहाचे अधिकारी लिन झेशू यांनी अफूच्या वीस हजारांवर पेट्या जप्त करून नष्ट केल्या, इंग्रजांशी युद्ध पेटलं, १८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं आणि पाच बंदरं खुली झाली. पण आरमार काही बारा महिने बंदरात बसून राहत नाही. रोजचा जम बसला तो, माझ्या मते, जकातीच्या कचेरीतून.

१८५३ मध्ये शांघायचं जुनं शहर बंडखोरांनी घेतलं आणि चिनी जकात बंद पडली. पुढच्या वर्षी इंग्रज, अमेरिकन, फ्रेंच असे तीन निरीक्षक जकात वसुलीसाठी नेमले गेले. तात्पुरती म्हणून आलेली ही सोय कायमची मुक्कामाला राहिली. दुसऱ्या अफू युद्धाअखेरच्या १८६० च्या तहानंतर तर बंदरांच्या जकातीतला पाचवा हिस्सा इंग्रजांना आणि तेवढाच फ्रेंचांना युद्धखंडणी म्हणून जाऊ लागला. म्हणजे वसुली चोख व्हावी यात इंग्रजांचाच स्वार्थ!

१८६३ पासून या जकात खात्याचा प्रमुख होता आयर्लंडचा रॉबर्ट हार्ट. चिनी भाषा जाणणारा, पगार चीन सरकारचा. आपण चीनचे नोकर आहोत, हे तो हाताखालच्या गोऱ्यांना बजावायचा. त्याची माणसं जकातीची आकारणी करत. पैसा मात्र चिनी अधिकाऱ्याच्या ताब्यात जमा होई. पुढे दीपगृहं आली, १८९६ मध्ये टपालखातंही त्याच्याकडेच आलं. पेकिंगचा दरबार त्याचा सल्ला घेई. मात्र वरच्या जागा परदेशी लोकांकडेच राहिल्या, आणि त्यातही इंग्रजांकडे जास्त. हार्टचा प्रामाणिकपणा मला मान्य आहे, पण त्यामुळे ही मेख सुटत नाही.

चिनी माणसं नुसती बघत बसली होती, असंही नाही. हाँगकाँगच्या मिशनरी शाळेत शिकलेले तांग तिंगशू जार्डिनच्या पेढीचे दलाल होते. धंद्याची सगळी खोच शिकून घेतली आणि १८७३ मध्ये चिनी व्यापाऱ्यांच्या आगबोट कंपनीची सूत्रं हाती घेऊन इंग्रजी कंपन्यांशीच स्पर्धा मांडली.