सव्वा महिना, पोटपट्टा आणि पहिला व्यायाम

बुधवार, रात्री

बाळंतिणीला घरोघरी मिळणारा सल्ला साधारण एकच: सव्वा महिना पडून राहा, पोट करकचून बांध, मग पोट उतरवायला लाग. यातली विश्रांती आणि जड न उचलणं शंभर टक्के बरोबर. न हलणं मात्र धोक्याचं. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या ६ आठवड्यांत रक्त गोठण्याचं प्रमाण वाढलेलं असतं, त्यामुळे नुसतं झोपून राहिलं तर पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. म्हणून पडल्या पडल्याही घोटे वरखाली हलवत राहायचं, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की घरातल्या घरात चालायचं. एकाच पायाची पोटरी दुखून सुजली, तर तेल चोळत बसू नये, दवाखाना गाठावा.

पट्ट्याबद्दल माझं मत जरा कडू आहे. सैलसर आधार चालताना बरा वाटतो, सिझरच्या टाक्यांनाही. पण श्वास अडेल इतकं आवळलं की पोटातला दाब खाली ढकलला जातो आणि आधीच ताणलेल्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर भार येतो. पोट त्याने उतरत नाही.

खरा पहिला व्यायाम याच तळाच्या स्नायूंचा. नॉर्मल बाळंतपण असेल तर दुखत नसल्यास एकदोन दिवसांत, सिझर असेल तर लघवीची नळी काढून लघवी नीट होऊ लागल्यावर. श्वास सोडत, लघवी आणि वारा दोन्ही रोखल्यासारखं आतून वर ओढायचं. सुरुवातीला ३ ते ५ सेकंद धरायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. असं १० वेळा, दिवसातून तीनदा, हळूहळू १० सेकंदांपर्यंत. चुका ठरलेल्या: श्वास रोखणं, कुल्ले आवळणं, आणि सोडायला विसरणं. लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव तर करूच नये, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. खोकला किंवा शिंक येण्याआधी आवळायची सवय लागली की अर्धं काम झालं.

अंथरुणातून उठताना सरळ उठून बसायचं नाही. गुडघे दुमडून कुशीवर वळायचं, मग हाताने रेटा देत उठायचं. पोटाच्या मधोमध, उभ्या स्नायूंच्या दोन पट्ट्यांमध्ये, अंतर पडलेलं असतं. ते बघायचं असेल तर ६ आठवड्यांनंतर उताणं झोपून, गुडघे दुमडून, बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवून डोकं किंचित उचलायचं. दोन बोटांहून जास्त फट लागली किंवा मधोमध उंचवटा आला, तर सिट-अप्स-क्रंचेस (उताणं झोपून धड वर उचलण्याचे व्यायाम) आणि दोन्ही पाय एकदम उचलणं थांबवून फिजिओथेरपिस्टना दाखवावं. अशा वेळी हट्टाने क्रंचेस केले तर उंचवटा दाबला जात नाही, उलट ताण त्याच फटीवर येतो.

चालणं १० मिनिटांनी सुरू करून वाढवत न्यायचं. अंगावरून जाणं पुन्हा लालभडक किंवा जास्त झालं, तर वेग जास्त झाला असं समजून मागे यायचं. तासाभरात पॅड भिजत असेल तर वाट न बघता दवाखाना गाठावा. धावणं-उड्या ३ महिन्यांआधी नकोतच, तेव्हाही लघवी गळते का, खाली जडपणा वाटतो का ते बघून. बेताच्या व्यायामाने दूध आटत नाही. दूध पाजून मग चालायला गेलं की छातीत ओढ लागत नाही, एवढंच.

गरोदरपणाचं प्रकरण त्यामानाने सोपं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आठवड्याला किमान १५० मिनिटांचा आहे. व्यायाम करताना बोलता येतं पण गाता येत नाही, इतपत जोर पुरे. पाचव्या महिन्यानंतर बराच वेळ उताणं झोपून व्यायाम टाळावा, गर्भाशयाच्या वजनाने मोठी शीर दबते आणि चक्कर येते. वार खाली असेल, गर्भाशयाचं तोंड सैल असेल किंवा रक्तदाब वाढला असेल, तर आधी डॉक्टर. रक्तस्राव, पाणी जाणं, छातीत दुखणं, विश्रांतीत दम लागणं, यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबून फोन करावा. शेवटच्या महिन्यात फरशी पुसली की हमखास नॉर्मल होते, हे मात्र कुणी छातीठोकपणे सांगू नये.