ईएन १९ चं प्लाझ्मा नायट्रायडिंग: ड्रॉइंगवरच्या एका ओळीत काय राहून जातं

‘प्लाझ्मा नायट्रायडिंग, केस ०.३ मिमी, किमान ६०० एचव्ही.’ ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एवढंच लिहिलेलं असतं (केस म्हणजे कठीण झालेला वरचा थर, एचव्ही म्हणजे कठीणपणाचं विकर्स माप) आणि जॉब भट्टीवर जातो. या ओळीत चपखल बसणारे दोन पिनियन (लहान गिअर) मायक्रोस्कोपखाली मात्र अगदी निराळे दिसू शकतात. एक वर्षानुवर्षं चालतो, दुसऱ्याच्या दाताची कड महिन्याभरात उडते.

नायट्रायडिंग म्हणजे तापलेल्या पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कठीण करणं; प्लाझ्मात हा नायट्रोजन जॉबभोवती विजेने चमकणाऱ्या गॅसमधून (हाच ग्लो) येतो. यात पोलादाला ‘पाणी’ द्यायचं नसतं, म्हणजे तापवून झटकन थंड करायचं नसतं. लोह-नायट्रोजनमध्ये ऑस्टेनाइट (झटकन थंड केल्यावर जिचं कठीण मार्टेन्साइट होतं ती रचना) साधारण ५९० अंशांच्या वर तयार होतो आणि आपण काम करतो ५०० ते ५३० अंशांवर. म्हणजे पाया फेराइटचाच राहतो, मार्टेन्साइट होत नाही, म्हणून जॉब फारसा वाकतही नाही. मग कठीणपणा येतो कुठून? ईएन १९ या मिश्र पोलादात सुमारे १ टक्का क्रोमियम आणि थोडं मॉलिब्डेनम असतं. आत शिरलेला नायट्रोजन क्रोमियमला गाठतो आणि क्रोमियम नायट्राइडचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. हे कण आजूबाजूच्या लोहाच्या अणूंच्या जाळीला ताणतात. त्या भागाला फुगायचं असतं, पण खालचा गाभा फुगू देत नाही, त्यामुळे पृष्ठभागात दाबाचा ताण साठतो. फटीग आयुष्य (वारंवारच्या भाराखाली न तडकता टिकण्याचा काळ) वाढतं ते मुख्यतः यामुळे. साध्या एमएसमध्ये (माइल्ड स्टील) क्रोमियमच नाही. तिथे सावकाश थंड होताना लोह नायट्राइडच्या लांब सुया पडतात, त्या मायक्रोस्कोपखाली छान दिसतात पण कठीणपणा फारसा देत नाहीत. उलट ईएन ४१बी या पोलादात सुमारे १ टक्का ॲल्युमिनियम असल्याने १००० एचव्हीच्या आसपास जाता येतं. ईएन १९ कडून ६०० ते ७०० ची अपेक्षा ठेवावी.

या डिफ्युजन झोनच्या (नायट्रोजन मुरलेल्या भागाच्या) वर काही मायक्रॉनचा व्हाइट लेयर बसतो. नायटलने (अल्कोहोलमधल्या पातळ नायट्रिक ॲसिडने) एच केल्यावर बाकी सगळं काळवंडतं, हा पांढराच राहतो, म्हणून हे नाव. त्यात लोह नायट्राइडच्या दोन फेज (रचना) येऊ शकतात. गॅमा प्राइम म्हणजे चार लोह अणूंमागे एक नायट्रोजन, त्यातल्या त्यात चिवट. एप्सिलॉनमध्ये नायट्रोजन जास्त. घासण्याला आणि गंजाला चांगला, पण धक्क्याला ठिसूळ. दोन्ही मिसळून आले तर त्यांच्या सीमेवर ताण राहतो आणि धक्क्याच्या जागी थर तिथूनच सुटतो.

प्लाझ्माचा खरा फायदा इथे आहे. हा थर कसा हवा, किंवा हवाच का, हे गॅसच्या प्रमाणातून ठरवता येतं. एक भाग नायट्रोजन आणि तीन भाग हायड्रोजन ठेवला तर बहुतेक गॅमा प्राइमच मिळतो. नायट्रोजन ५ टक्क्यांच्या आसपास उतरवला तर थर जवळजवळ बनतच नाही. एप्सिलॉन हवा असेल तर नायट्रोजन वाढवून १-२ टक्के मिथेन सोडतात. धक्के खाणाऱ्या दातांना पातळ गॅमा प्राइम पुरे. ड्रॉइंगवर हे कोणी लिहीत नाही, आणि मग भट्टीवाला आपल्या नेहमीच्या रेसिपीने लोड चालवतो. त्याला दोष कसा द्यायचा?

खोलीचा हिशोब वर्गमुळाचा आहे. ५२० अंशांवर साधारण २० तासांत ०.३ ते ०.४ मिमी मिळत असेल, तर दुप्पट खोलीला चौपट वेळ. ‘थोडं जास्त ठेवा’ म्हणणं म्हणूनच महागात पडतं.

आता बिघाड. टोकदार कडेवर नायट्रोजन दोन्ही बाजूंनी शिरतो, ग्रेन बाउंड्रीवर (धातूच्या कणांच्या सीमांवर) नायट्राइडचं जाळं होतं आणि कड चिपते. निदान ०.५ मिमी रेडियस द्या. अरुंद भोकात किंवा जवळजवळ लावलेल्या जॉबच्या फटीत दोन्ही भिंतींवरचे ग्लो एकमेकांत मिसळतात (हाच हॉलो कॅथोड) आणि तेवढाच भाग भलताच तापतो. तिथलं तापमान टेम्परिंगच्या (हार्डन केल्यावर पुन्हा तापवण्याच्या) तापमानाच्या वर गेलं की गाभा मऊ पडतो. उपाय असा: भट्टीतल्या गॅसचा दाब वाढवला की ग्लो पातळ होऊन पृष्ठभागाला चिकटतो. नाहीतर भोक सरळ बुजवून टाकावं. खाचेत तेल किंवा चिप राहिली तर आर्किंग (विजेची ठिणगी) होऊन पृष्ठभागावर खड्डे पडतात.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे आधीची रचना. जॉब हार्डन-टेम्पर केलेला हवा आणि टेम्परिंग नायट्रायडिंगपेक्षा २५-३० अंश तरी वर झालेलं हवं. ॲनील केलेल्या (सावकाश थंड करून मऊ केलेल्या), फेराइट-पर्लाइटच्या मालात क्रोमियमचा काही वाटा कार्बाइडमध्ये अडकलेला असतो. शिवाय खालचा गाभाच मऊ असल्याने जोर पडला की केस खाली दबते. फोर्जिंगवरचा डीकार्ब झालेला (कार्बन उडालेला) थर मशीनिंगमध्ये पूर्ण निघाला नाही, तर केस पापुद्र्यासारखी सुटते.

तपासणीचा तुकडा कापताना कडेला निकेल चढवा किंवा तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळून माउंट करा, नाहीतर पॉलिशमध्ये कड गोल होते आणि व्हाइट लेयर दिसतच नाही. खोली मोजताना एचव्ही ०.५ वर ओळीने ठसे घ्या. गाभ्यापेक्षा ५० एचव्ही जास्त जिथे संपतं, तिथे केस संपली. आणि हा तुकडा त्याच हीटचा (पोलादाच्या एकाच वितळणीचा), जॉबसोबतच हार्डन-टेम्पर झालेला असू द्या. स्टोअरमधल्या ॲनील बारचा तुकडा लोडमध्ये टाकला, तर रिपोर्ट त्या बारचा येतो, पिनियनचा नाही.