हाँगकाँगचा पोलीस, वडशाचा पाहुणा

उमरेड मागे पडलं आणि मोबाईलवर सिनेमा बघणं अवघड होऊन बसलं. जानेवारीतलं कोवळं ऊन म्हणावं तर तेही खिडकीतून थेट स्क्रीनवर येत होतं, आणि मी बघत होतो तो सिनेमा गडद निळ्या-करड्या रंगांचा. शेजारी मित्र निवांत झोपला होता. आम्ही त्याच्या मामांच्या गावी, वडशाजवळ, शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत आणि रात्रीचं नाटक बघायला निघालो होतो. मी ठाण्याचा. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीचं नाटक आजवर फक्त ऐकून माहीत होतं.

सध्या मला एकच खूळ लागलंय. गुन्हेगारांच्या टोळीत नाव बदलून राहणाऱ्या पोलिसांचे सिनेमे. त्यात नायक खलनायकाला पकडतो की नाही याच्याशी मला फारसं देणंघेणं नसतं. आपण नक्की कोण आहोत हे त्या माणसाचं त्यालाच कळेनासं होतं, तिथं मी अडकतो. एसटीत चालू होता तो या जातीतला सगळ्यात नामांकित, हाँगकाँगचा २००२ सालचा ‘इन्फर्नल अफेअर्स’. दिग्दर्शक अँड्र्यू लाऊ आणि अॅलन मॅक. पोलिसांचा एक माणूस टोळीत, टोळीचा एक माणूस पोलिसांत, आणि दोघांनाही एकमेकांना हुडकून काढायचं काम दिलेलं. यावरूनच मार्टिन स्कोर्सेसींनी २००६ मध्ये बॉस्टनच्या पार्श्वभूमीवर ‘द डिपार्टेड’ केला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाले. मला विचाराल तर मूळ सिनेमा अर्ध्या आवाजात जे सांगतो, तेच नंतरचा ओरडून सांगतो. पण ते असो.

भिवापूरला गाडी थांबली. मिरचीचं गाव. इथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि हवेत तो ठसका होताच. चहा घेताना मित्र म्हणाला, “एक सांगून ठेवतो. तिकडं गेल्यावर ते खबरी, भेदी वगैरे सिनेमातलं बोलू नको.” मी हसलो. तो हसला नाही.

वडसा गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे, बाजारपेठेचं गाव आहे, तिथं तसं काही नाही. पण जिल्हा तोच. दक्षिणेला एटापल्ली, भामरागडकडे पोलिसांचा खबरी असल्याच्या नुसत्या संशयावरून नक्षलवाद्यांनी गावकऱ्यांना मारल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. त्यातले किती जण खरोखर काही सांगत होते, कोण जाणे. पडद्यावर ‘आपल्यातला कोण फुटला?’ या प्रश्नावर दोन तास मजेत निघून जातात. त्याच प्रश्नापायी माणसं मेलेल्या जिल्ह्यात जाताना मी मोबाईल खिशात घातला, आणि खरं सांगायचं तर मित्राचा थोडा रागही आला, कारण त्याने सिनेमाची चव घालवली.

नागभीड, ब्रह्मपुरी, मग वैनगंगेचा पूल. पलीकडे वडसा. सरकारी कागदावर देसाईगंज, लोकांच्या तोंडी वडसा. रस्त्यालगत धानाच्या रिकाम्या बांध्या, कुठे कुठे अजून कापलेल्या धानाचे पुंजणे, म्हणजे ढीग, रचून ठेवलेले. गावात शिरलं की नाटक मंडळांच्या पाट्या दिसायला लागतात. दिवाळीनंतर सुरू झालेला हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. गावोगावचे लोक इथं येतात, नाटक ठरवतात, तारीख घेतात, आणि मंडळ त्या रात्री गाडीत पडदे, दिवे, वाद्यं आणि नट भरून निघतं. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या नाट्यवर्तुळात किती जणांना हे नाव ठाऊक होतं, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

मामांच्या घरी पोचलो तर ओसरी पाहुण्यांनी भरलेली. पट आणि नाटक म्हटलं की लेकी-जावई, सोयरे-धायरे सगळे येतात, तिथंच एखाद्या पोरीचं स्थळही निघतं. अशा घरात अनोळखी माणूस बसला की काय होतं, ते अनुभवलं.

“कोनत्या गावचे जी तुमी?”

“ठाण्याचा.”

“तसं नाई. मूळ गाव?”

सांगितलं.

“आडनाव का म्हनलं?”

तेही सांगितलं.

“मंग ते साकोलीचे मास्तर तुमचे कोन लागतेत?”

कुणीच लागत नव्हते. विचारणारे आजोबा हे मान्य करायला तयार नव्हते. त्यांनी आणखी दोन गावं आणि तीन आडनावं माझ्यापुढे ठेवली, एकेक करून, कुठेतरी धागा जुळेलच अशा खात्रीने. शेवटी मामाच मधे पडले. “आमचे पावने होत जी. भाच्याचे दोस्त.” आजोबांचा चेहरा मोकळा झाला, आणि माझ्या पानात वांग्याच्या भाजीचा आणखी एक डाव पडला.

त्या क्षणी मला ‘डॉनी ब्रास्को’ आठवला, १९९७ चा. एफबीआयचा जोसेफ पिस्टोन १९७६ पासून १९८१ पर्यंत हिरेचोर बनून न्यूयॉर्कच्या बोनॅनो टोळीत राहिला, त्याची खरी हकीकत. सिनेमात पिस्टोन झालाय जॉनी डेप आणि त्याला टोळीत आणणारा म्हातारा गुंड लेफ्टी म्हणजे अल पचिनो. माफियात ओळख करून देण्याची रीत ठरलेली. ‘हा माझा मित्र’ म्हटलं तर माणूस ओळखीचा, जबाबदारी सांगणाऱ्याची. ‘हा आपला मित्र’ म्हटलं तर तो टोळीत रीतसर घेतलेला. लेफ्टी पिस्टोनची हमी घेतो, आणि म्हणून सगळी दारं उघडतात. बंदूक, खोटे कागद, अंगात लपवलेला टेपरेकॉर्डर हे सगळं नंतर. आधी कुणीतरी ‘आमचा आहे’ म्हणावं लागतं.

या सिनेमांना आपण शहरी म्हणतो. निऑनचे दिवे, ओले रस्ते, गर्दीत हरवलेला एकटा माणूस. मला आता वाटतं, शहर फक्त बाहेरून आहे. टोळी आतून गावासारखीच चालते. कोण कुणाचा, कुणी आणला, कुणाच्या लग्नात कोण कुठे बसलं, सगळ्याचा हिशेब. शहरात माणूस नाव बदलून आयुष्य काढेल, कुणी विचारणार नाही. टोळीत पहिल्याच दिवशी साकोलीचे मास्तर निघतात.

आणि हमी घेणाऱ्याचं काय होतं? सिनेमाच्या शेवटी लेफ्टीला फोन येतो. कशासाठी बोलावलंय ते त्याला कळतं. तो अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढतो, ड्रॉवरमध्ये ठेवतो. ड्रॉवर बंद करतो, आणि मग पुन्हा जरासा उघडा ठेवतो, बायकोला सापडावं म्हणून. खऱ्या आयुष्यात तसं झालं नाही. खऱ्या लेफ्टीला १९८१ मध्ये एफबीआयनेच अटक केली आणि तो १९९४ मध्ये कर्करोगाने गेला. त्याच टोळीतल्या सनी ब्लॅकला मात्र त्याच्याच माणसांनी मारलं, पोलिसाला जवळ केलं म्हणून. मामांनी माझ्यासाठी ‘आमचे पावने’ म्हटलं तेव्हा तो वाक्प्रयोग किती महागाचा असू शकतो हे त्यांच्या ध्यानीमनीही नसणार.

दुपारच्या पटाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण धुळीपलीकडे मला फारसं दिसलंच नाही. बैलजोड्या सुटतात, सेकंदांचा मामला असतो, आणि पुढचा अर्धा तास लोक त्या सेकंदांवर वाद घालतात. २०१४ च्या बंदीनंतर काही वर्षं हे सगळं थंड पडलं होतं. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि पट पुन्हा भरू लागले.

रात्री नाटक. जेवणं आटोपून, ब्लँकेटं घेऊन अख्खं गाव मंडपात. पडदा उघडायला बराच उशीर झाला, कुणाची तक्रार नव्हती. नाटक पहाटेपर्यंत चालणार हे ठरलेलंच असतं. आम्हाला मामांच्या वशिल्याने अगदी पुढे, उजव्या कडेला जागा मिळाली. कथानकात एक मालगुजार, म्हणजे इकडचा जमीनदार, त्याचा दारूचा चोरटा धंदा, आणि त्याच्या वाड्यावर गडी म्हणून राहिलेला एक इन्स्पेक्टर. ठाण्याहून निघताना डोक्यात घेतलेलं खूळ वडशात असं समोर उभं राहील असं वाटलं नव्हतं. गडी पहिल्या प्रवेशात पाण्याची घागर घेऊन आला तेव्हाच मागून एक बाई म्हणाली, “हा पोलीस होय.” कसं ओळखलं? “पायाकडं पाहा ना.” खरंच, फाटक्या धोतराखाली काळे चकचकीत बूट होते. पुढच्या प्रवेशात गणवेश चढवायचा होता, मधे वेळ नसणार.

मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं, हाँगकाँगवाल्यांनीही हेच केलंय. कोण पोलीस आणि कोण चोर हे ते पहिल्या काही मिनिटांतच सांगून टाकतात. प्रेक्षकाला सगळं माहीत, पात्रांना काहीच नाही. त्यामुळे ‘कोण असेल?’ हे कुतूहल संपतं आणि ‘आता याला कळलं तर?’ ही धाकधूक सुरू होते. एका दृश्यात टोळीत राहिलेला पोलीस अधिकाऱ्याच्या टेबलावर एक पाकीट बघतो. पाकिटावर त्याच्याच हातची अक्षरं असतात, टोळीत असताना लिहिलेली. संवाद नाही, काही नाही. इथं मालगुजाराची नजर गड्याच्या बुटांवर गेली तेव्हा मंडपात तशीच शांतता पसरली. त्याने नजर वळवली आणि शेकडो लोकांनी एकदम श्वास सोडला.

पण त्या जागेवरून मला खरा दिसला तो प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर, मांडीवर वही, हातात छोटी बॅटरी, कानाला मफलर. झाडीपट्टीत नट आज या गावात हे नाटक, उद्या त्या गावात ते, असे फिरतात. सगळं पाठ असणं शक्यच नाही. त्यामुळे उजव्या कडेला बसलेल्यांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. आधी विंगेतून भरभर, कोरडं, आणि लगेच रंगमंचावरून रडत, ओरडत, थरथरत. मधेच प्रॉम्प्टरला खोकल्याची उबळ आली. गडी झालेला नट मालगुजाराच्या पायाशी बसलेला, चेहऱ्यावर भीती, आणि पुढचं वाक्य येईना. त्याने एकदा विंगेकडे पाहिलं. मग उपरणं झटकलं, मालकाचे पाय चेपायला लागला आणि धानाच्या भावावर काहीतरी मनचंच बोलला. टाळी पडली. खोकला थांबेपर्यंत त्याने वेळ काढली.

(‘इन्फर्नल अफेअर्स’ बघितला नसेल तर इथून थेट शेवटच्या परिच्छेदावर जा.)

टोळीतल्या पोलिसाचा अधिकारी म्हणजे त्याचा प्रॉम्प्टर. काय बोलायचं ते सांगणारा, आणि त्याहून मोठं म्हणजे ‘हे नाटक आहे’ हे माहीत असलेला एकमेव माणूस. सिनेमात अशी दोनच माणसं असतात. पहिला, पोलीस अकादमीचा प्रमुख, वारतो. त्याची अंत्ययात्रा रस्त्यावरून जाते आणि आपला माणूस गल्लीच्या कोपऱ्यात, कुणी बघणार नाही असा उभा राहून सॅल्यूट ठोकतो. दुसरा अधिकारी त्याला इमारतींच्या गच्च्यांवर भेटतो, भर दिवसा, लख्ख उजेडात. तीन वर्षांचं काम म्हणून पाठवलं आणि दहा होत आली, अशी त्याची तक्रार असते. मग तो अधिकारीही मरतो. आता विंग रिकामी. रंगमंचावरचा माणूस पोलीस आहे हे फक्त संगणकातल्या एका फायलीला माहीत, आणि ती फाईल ज्याच्या हाती लागते तोच नेमका टोळीचा माणूस. तो ती पुसून टाकतो.

गोविंद निहलानींचा १९९४ चा ‘द्रोहकाल’ याच वाटेवरचा, हाँगकाँगच्या आठ वर्षं आधीचा. दहशतवाद्यांत पेरलेले पोलीस, आणि पोलिसांत घुसलेली फितुरी. ओम पुरी, नसीरुद्दीन शहा, आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेलेला आशीष विद्यार्थी. आपल्याकडे या सिनेमाची आठवण फार कमी जण काढतात, हे मला खटकतं.

सकाळी शेकोटीपाशी मामांना ही हाँगकाँगची गोष्ट सांगितली. रात्रभर जागूनही ते ताजे होते. फाईल पुसल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी काटकी आगीत सरकवली. “म्हंजे नावच कटलं त्याचं.”

“हो. आणि मग लिफ्टमध्ये गोळी घालतात त्याला.”

“मंग मागून कोनी नाव लावलं का नाई?”

लावलं, म्हटलं. त्याची डॉक्टरीण ती फाईल शोधून काढते, पोलीस म्हणून त्याची नोंद परत होते. मामांना ते बरं वाटलं.

“अन् तो दुसरा? चोर?”

सांगितलं, की तो ओळखपत्र दाखवून लिफ्टमधून बाहेर येतो, पोलीस म्हणूनच जगत राहतो. पण चीनच्या मुख्य भूमीसाठी वेगळा शेवट चित्रित केला होता, त्यात त्याला अटक होते.

“इथं तोच लावा लागन,” मामा म्हणाले. “नाईतर लोकं उठनार नाईत. बसून रायतीन, आता अटक होईन म्हनून.”

मी वाद घातला. तो सुटतो आणि आयुष्यभर खोट्या नावाने चांगला माणूस बनून राहतो, हीच खरी शिक्षा, वगैरे. सिनेमा सुरूच होतो बौद्ध सूत्रातल्या अवीची नरकाच्या उल्लेखाने, जिथल्या यातनांना खंड नाही. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“ते बरोबर. पन त्याले पगार चालू रायला ना?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

जायचं असेल त्यांच्यासाठी: दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत किंवा जानेवारी-फेब्रुवारीत जा. नागपूरहून एसटी आहे, रेल्वेने गोंदिया–बल्लारशा मार्गावर वडसा स्टेशन. थंडी चांगलीच असते, पातळ शालीचा उपयोग नाही. दुपारी झोप काढून ठेवा. आणि मंडपात विंगेजवळची कडेची जागा मिळत असेल तर मधल्या खुर्च्यांच्या मोहात पडू नका.