‘बाहेरच मिटवू’ म्हणजे नक्की कसं?

“मॅडम, कोर्ट नको, बाहेरच मिटवून टाका.” हे वाक्य मी रोज ऐकते. मग मी विचारते, मिटवायचंय की निकाल लावून घ्यायचाय? लोक मध्यस्थी आणि लवाद एकाच दमात बोलतात, पण दोन्हींची तऱ्हा अगदी उलटी. मध्यस्थ काहीच ठरवत नाही. नाही पटलं तर उठून जायची मुभा असते. लवाद पुरावे बघून निवाडा देतो, आणि निवाडा पटला नाही एवढ्यावर अपील नाही. निवाडा रद्द करून घ्यायला १९९६च्या लवाद कायद्यातलं कलम ३४ आहे, पण त्याची कारणं मोजकी आणि मुदत तीन महिने, फार तर वर तीस दिवस. पुरावा पुन्हा जोखायला कोर्ट बसत नाही.

माझा कल मध्यस्थीकडे का, तर दाव्यात न मावणाऱ्या गोष्टी तिथे निघतात. एक प्रकरण तपशील बदलून सांगते. छपाईच्या धंद्यातले दोन भागीदार, भांडण हिशेबाचं. समोरासमोर बसले तरी दोघं बोलायचे ते आपापल्या वकिलाकडे बघून. मध्यस्थाने एकेकाला वेगळं बोलावलं, तेव्हा माझा अशील हळूच म्हणाला, “रक्कम थोडी कमी घेईन, पण दुकानाचा मोबाइल नंबर मला द्यायला सांगा. सगळी गिऱ्हाइकं त्याच नंबरवर फोन करतात.” दाव्यात हिशेबाची पानंच्या पानं होती, नंबरचा कुठे उल्लेख नाही. दुसऱ्याला रकमेपेक्षा कटिंग मशीन हवं होतं. मग तडजोडीचा कागद लिहायलाच खरा वेळ गेला: सिम कुणाच्या नावावर, हस्तांतराचा अर्ज कधी, तोवर येणारे फोन कुणी उचलायचे. हे असलं बारीकसारीक लिहिलं नाही तर महिन्याभरात नवं भांडण. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९खाली कोर्टानेच मध्यस्थीला पाठवलेला दावा असा मिटला, तर कोर्ट फी परत मिळायचीही सोय आहे. आणि नाहीच मिटला, तरी तिथलं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही.

व्यापारी दाव्यांत तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाटील ऑटोमेशन प्रकरणात ते पक्कं केलं. प्रत्यक्षात समोरचा फिरकतच नाही, ‘नॉन-स्टार्टर’, म्हणजे मध्यस्थी सुरूच झाली नाही असा अहवाल हातात पडतो आणि फाइल पुढे सरकते. सक्तीने माणूस खुर्चीत बसवता येतो, बोलता करता येत नाही.

लवाद मला नकोसा नाही. बांधकामाची मोठी कंत्राटं असोत की परदेशी कंपनीशी व्यवहार, तिथे तोच बरा. १९५८च्या न्यूयॉर्क करारामुळे निवाडा दीडशेहून अधिक देशांत अमलात आणता येतो. पण लवादाची फी, जागा, स्टेनो, सगळा खर्च पक्षकारांच्या खिशातून जातो. लहान रकमेच्या वादात तो अंगावर येतो. आणि छापील करारांत ‘लवाद आम्हीच नेमू’ हे कलम अजून सर्रास दिसतं. वादात हितसंबंध असलेल्याने एकट्यानेच एकमेव लवाद नेमायचा नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्येच सांगितलंय. त्यामुळे सही करण्याआधी शेवटची पानं माझ्याकडे पाठवा: लवाद किती, नेमणार कोण, बसणार कुठल्या शहरात.

समोरचा उद्या मालमत्ता विकणार असेल, किंवा एक पक्ष दुसऱ्याला घाबरून असेल, तर मात्र मी मध्यस्थीचं नाव काढत नाही. सरळ मनाई हुकमाचा अर्ज लिहायला घेते.