काजळ आणि चांदणे

आमच्या घरातली पितळी समई आजीने जुन्या नाशकातल्या भांडीबाजारातून आणली होती. चिंच आणि राख लावून ती घासण्याचे काम लहानपणी माझ्याकडे असे आणि घासून झाली की आजी ती खिडकीपाशी धरून, तीत आपला चेहरा दिसतो का, हे पाहत असे. त्याच सुमारास शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखून दीप्तिमान आणि दीप्तिहीन वस्तूंची नावे लिहायला सांगितली. मी समई पहिल्या रकान्यात लिहिली आणि वहीवर लाल फुली आली. प्रकाश ज्योत देते, समई तो केवळ परत पाठवते, हे बाईंचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. पण लाइट गेल्यावर आमचे माजघर जेवढे उजळे, त्यात घासलेल्या पितळेचा आणि चुना दिलेल्या भिंतीचा वाटा किती मोठा असतो, हे मी रोज पाहत होतो.

खरे तर ज्योतीचाही हिशेब वाटतो तितका सरळ नाही. तेलाच्या ज्योतीचा पिवळा उजेड कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. हजार अंशांहून अधिक तापलेले हे कण स्वतः प्रकाशतात आणि ज्योतीच्या टोकापर्यंत पोचताना बहुतेक जळून जातात. आजी मात्र त्यांना जळू देत नसे. समईवर तांब्याची ताटली धरून ती काजळ धरत असे. क्षणापूर्वी खोली उजळणारे तेच कण, दोन बोटे वर जाऊन थंड ताटलीला चिकटले, की घरातली सर्वांत काळी वस्तू होऊन बसत. प्रकाश देणे संपलेले आणि अंगावर पडलेला प्रकाशही जवळजवळ सगळा गिळून टाकणारे. बाईंच्या रकान्यांत काजळ दीप्तिहीनच ठरले असते, हे खरे. पण त्याचा पूर्वेतिहास लिहायला तिथे जागा नव्हती.

आपली भाषाही हे रकाने फारसे पाळत नाही. स्वतःच्या तेजाने तळपणाऱ्या ताऱ्याला आपण चांदणी म्हणतो, म्हणजे सावकाराला कुळाचे नाव देतो, आणि निव्वळ सूर्याच्या उजेडावर मिरवणारा शुक्रही आपल्याला चांदणीच वाटतो. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये पृथ्वीचा आणि ग्रहांचा सूर्यासमोरचा अर्धा भाग उजळतो, हे अचूक सांगितले, पण त्याच श्लोकात त्याने तारेही सूर्याच्या उजेडावर बसवले. समईवरची लाल फुली आठवली की मला या चुकीचा थोडा आधार वाटतो.

कोजागरीला तर आपण उधारीचाच उत्सव करतो. चंद्राची जमीन तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे १२ टक्केच परत पाठवते. झिजलेल्या डांबरी रस्त्याची गतही साधारण तीच. गच्चीवर ज्या दुधात आपण चंद्रबिंब पाहतो, ते दूध चंद्रापेक्षा कितीतरी गोरे असते.

नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नोटेवरचा क्रमांक एरवी इतर छपाईसारखा निमूट दिसतो, पण अतिनील दिव्याखाली धरला की चमकू लागतो. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश घेऊन तो दिसणारा प्रकाश बाहेर टाकतो. घेतलेले कर्ज वेगळ्याच नाण्यांत फेडणाऱ्या या वस्तूला कोणत्या रकान्यात बसवावे, हे मी बाईंना विचारायला हवे होते.

मागे एकदा शुद्ध तृतीयेच्या संध्याकाळी गोदाघाटावर बसलो होतो. पश्चिमेला बारीक कोर होती आणि तिच्या कुशीत उरलेला सगळा चंद्र राखाडी दिसत होता. त्या भागावर ऊन नव्हते. तिथे पोचला होता तो पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश, आणि तोही आपल्या बाजूचा नव्हे, कारण नाशकात दिवेलागण होऊन गेली होती. अरबी समुद्रापलीकडे आफ्रिकेत अजून दिवस होता. तिथली जमीन आणि तिथले ढग तो उजेड चंद्राकडे पाठवत होते आणि चंद्र त्यातला थोडा घाटाच्या पायऱ्यांकडे. तेवढ्यात समोरच्या काठावरून कोणीतरी द्रोणात दिवा लावून पाण्यात सोडला. ज्योत बोटभरही नव्हती, पण पाण्यातली तिची रेघ हलत हलत थेट माझ्या पायांपर्यंत आली होती.