ढकलपास आणि चेरी

२७ एप्रिल

दादाचा फोन आला. ३० ला संध्याकाळी निघून येतोय, वहिनी आणि दोन्ही पोरांसकट, चार दिवस. बोलणं संपायच्या आत भाचीने फोन हिसकावून घेतला. "आत्या, मी एक व्हिडिओ बघितलाय. फ्रोझन फ्रूट कॉकटेल. १ मेला आपण तेच करायचं." मग तिने जे सांगितलं ते असं : अमेरिकेत म्हणे उन्हाळ्याच्या सुट्टीत, ४ जुलैच्या त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला वगैरे, संत्र्याच्या रसात अननस, केळी, द्राक्षं घालून डबाभर गोठवून ठेवतात. खायच्या वेळी खरवडून ग्लासात घ्यायचं आणि वरून सोडा ओतायचा. पार्टीतली मोठी माणसं त्यात आणखी काय काय ओततात, ते तिला ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही.

आईला म्हटलं तर ती म्हणाली, "कॉकटेल घरात कशाला करालीस? जाऊन खाऊन यायचं की."

तिचंही बरोबर. कोल्हापुरात कॉकटेल म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे बाटली येत नाही. उंच ग्लास येतो. त्यात फळांचे तुकडे, जेली, आईस्क्रीमचे गोळे, काजू-बेदाणे, टुटीफ्रुटी, सगळ्यात वर लाल चेरी आणि खाली पोचेल असा लांब दांड्याचा चमचा. सोळंकींचं कॉकटेल खाल्ल्याशिवाय आमच्याकडच्या पाहुण्याला अंबाबाईचं दर्शन पुरं झाल्यासारखं वाटत नाही. वहिनी लग्न होऊन आली त्या आठवड्यात आबा तिला म्हणाले होते, "चला सूनबाई, कॉकटेल घेऊन येऊ." पुण्याच्या पोरीचा चेहरा काय झाला होता! सासरा पहिल्याच आठवड्यात कॉकटेलला बोलावतोय. ती पदर सावरत, दादाकडे बघत, गप्प उभी. ग्लास समोर आल्यावर हसायला लागली ती थांबेचना.

२८ एप्रिल

पाहुणे यायच्या आधी एकदा करून बघावं म्हणून आज थोडं केलं. आटवलेलं म्हशीचं दूध, साखर, कापलेला ताजा अननस, केळी. फ्रीजरमध्ये ठेवलं. चार तासांनी चमचा तोंडात घातला तर कडू. साधं नव्हे, कडुनिंबाचं पान चघळल्यासारखं.

चूक अननसाची, म्हणजे माझीच. कच्च्या अननसात एक पाचक रस असतो, ब्रोमेलेन. तो दुधातली प्रथिनं तोडतो आणि तुटलेल्या तुकड्यांची चव कडू लागते. गोठवल्याने तो मरत नाही, नुसता झोपतो. उकळलं की मात्र जातो. म्हणून अननस पाकात पाचेक मिनिटं शिजवून घातला तर काही होत नाही. बाईंनी शास्त्राच्या तासाला हे सांगितलं असतं तर माझं अर्धा लिटर दूध वाचलं असतं.

आईने दुसरीच हरकत काढली. १ मेला दादासाठी मटण आहे, तांबडा-पांढरा आहे, आणि त्यावर दुधाचं खायचं? "अंगावर कोड उठंल पोरांच्या." मी म्हटलं, अगं, पांढऱ्या रश्श्यात दूधच असतं की. "ते नारळाचं," आई म्हणाली आणि विषय मिटला. कोडाचं मला काही पटत नाही, पण कडू दुधाच्या पातेल्यासमोर उभं राहून वाद घालायला तोंड नव्हतं. तेव्हा ठरलं : दूध नको, आमरसात करायचं. अमेरिकेत संत्रं, इथे आंबा.

२९ एप्रिल

सकाळी कपिलतीर्थ मंडईत. हापूसच्या पेट्यांपुढे उभी राहिले आणि पायरी घेतले, एक डझन. हापूस कापून खायचा, रस पायरीचा. हे माझं मत आहे आणि त्यावर मी कुणाशीही भांडेन.

केळी घेतली, एक अननस, डाळिंबं. द्राक्षं हंगाम संपत आलेली, पण तासगावकडची शेवटची म्हणून एकाने दिली, घड विरळ पण गोड. द्राक्ष गोठवायला उत्तम, साखर भरपूर असल्याने दगड होत नाही. कलिंगड घेतलं, पण ते गोठवणार नाही. त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी. फ्रीजरमधून काढलं की गारगोटी, आणि विरघळलं की चोथा. गोठताना बर्फाचे काटे फळाच्या पेशी फोडतात, मग उरतो तो नुसता लगदा. ते ऐनवेळी वरून घालायचं. सफरचंद घेतलंच नाही. बर्फातून काढलेलं सफरचंद म्हणजे ओला पुठ्ठा.

मंडईच्या तोंडाशी एक मावशी पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या. पन्हाळ्याकडून पहिल्या गाडीने आलेल्या. दोन द्रोण घेतले, एक तिथेच उभ्याने संपवला. शेजारच्या दुकानात टुटीफ्रुटी आणि चेरीचं पाकीट. दुकानदाराला विचारलं, ही चेरी काश्मीरची का? हसला. "काकू, करवंद हाय ते. कच्चं करवंद, बिया काढून पाकात मुरवायचं, लाल रंग घालायचा. आन् टुटीफ्रुटी म्हंजे कच्ची पपई."

पपईचं ठाऊक होतं. करवंदाचं नव्हतं. एका हातात द्रोण, दुसऱ्या हातात पाकीट, आणि दोन्हींत एकच फळ. पन्नाशी उलटून गेली आणि हे आज कळतंय.

३० एप्रिल (रात्री उशिरा)

हात भरून आलेत, तरी लिहिते.

दुपारी सगळं तयार केलं. बारा आंब्यांचा रस. दोन वाट्या साखर दोन वाट्या पाण्यात विरघळवून पाक, त्यातच अननस शिजवला. चार लिंबं, ती आंबटपणासाठी आणि केळं काळं पडू नये म्हणूनही. चिमूटभर मीठ. साखरेचा अंदाज महत्त्वाचा : कमी पडली तर डबा कुऱ्हाडीने फोडावा लागतो, जास्त झाली तर रात्रभर ठेवलं तरी पातळच. साखर पाण्याला गोठू देत नाही लवकर. डबा फ्रीजरमध्ये ठेवला साडेतीनला.

साडेचारला पन्हाळ्याच्या बाजूने आभाळ काळं झालं. पाचला वळीव. वारा, मग धूळ, मग टपोरे थेंब, मग गारा. पत्र्यावर असा ताशा वाजला की आईने देवापुढचा दिवा दोन्ही हातांनी झाकला. आणि लाईट गेली. अर्ध्या तासात येते म्हणेपर्यंत सात वाजले. आठला दादाची गाडी दारात, सगळे चिंब, कारण सामान उतरवायला पोरं मुद्दाम पावसात उभी.

फ्रीज उघडायचा नाही, असं बजावलं होतं. भाच्याने तीनदा उघडला. डब्यात कडेला थोडा बर्फ, मध्ये आंब्याचं सरबत.

तेव्हा आई म्हणाली, "माळ्यावर साचा हाय नव्हं."

साचा, हाताने आईस्क्रीम फिरवायचा. लाकडी बादली, आत डबा, वर हँडल. आबा गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. दादा मोबाईल तोंडात धरून माळ्यावर चढला आणि कोळ्यांच्या जाळ्यासकट तो खाली उतरवला. बादलीच्या फळ्या वाळून फटी पडलेल्या. आईने ती पाण्याने भरून ठेवायला लावली, लाकूड फुगलं की फटी बुजतात. तोवर दादा रिक्षाने बर्फाच्या कारखान्यावर जाऊन पाव लादी घेऊन आला, गोणपाटात, भुशात गुंडाळलेली. मी आणि वहिनीने ती गोणपाटातच वरवंट्याने फोडली. खडेमीठ घरात होतं.

भाचीचा प्रश्न : मिठाने बर्फ वितळतो, मग थंड कसं होतं? तिला सांगितलं, वितळायला बर्फाला ऊष्णता लागते, ती तो शेजारच्या डब्यातून ओढून घेतो. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ पडलं तर पारा उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतो. आमचा फ्रीजर धडधाकट असतो तेव्हा उणे १८. म्हणजे लाईट असती तरी साचाच वरचढ. "मग फ्रीज कशाला घेतला?" भाचा म्हणाला. त्याचं उत्तर पंधरा मिनिटं हँडल फिरवल्यावर त्याला आपोआप मिळालं.

पाळी लावली. आधी पोरं, मग वहिनी, मग मी, शेवटी जड झाल्यावर दादा. आई पाटावर बसून नुसत्या सूचना. "खाऱ्या पाण्याचं बूच काढा. पाणी झाकणापर्यंत चढलं तर आत जातंय. मग खावा मिठाचं कॉकटेल." मध्येच गुडघ्यावर हात ठेवून उठली, "मी मेणबत्ती आणतो." भाची खुदकन हसली. आजी, 'आणतो' काय गं? आमच्या घरात, आमच्या पेठेत, बायका 'येतो', 'जातो', 'करतो'च म्हणतात. मीही बोलताना म्हणतो. इथे वहीत मात्र 'जाते', 'करते'. शाळेतल्या बाईंचा धाक अजून बोटांत आहे.

पाऊण तासाने हँडल हलेना. झाकण काढलं. फ्रीजरमध्ये जे खडबडीत खडे होतात ते नव्हतेच, रेशमासारखं, कारण गोठता गोठताच बर्फाचे काटे मोडत गेले. मग द्राक्षं, केळी, डाळिंबाचे दाणे, शिजवलेला अननस हलक्या हाताने मिसळला. वरून नवा बर्फ, मीठ, गोणपाट. लाईट आली रात्री पावणेदोनला. डबा फ्रीजरमध्ये टाकला.

१ मे

सकाळी कोपऱ्यावरच्या शाळेत झेंडावंदन, लाऊडस्पीकर, महाराष्ट्रगीत. १९६० पासून हा महाराष्ट्राचा दिवस. माझ्या पिढीला मात्र १ मे म्हणजे निकाल. झेंडावंदन झालं की वर्गात बसवून प्रगतिपुस्तकं वाटायची. भाचीला विचारलं तर तिचा निकाल केव्हाच मोबाईलवर आलाय. तिने बघितलाही नव्हता नीट.

आबा उद्यमनगरात लेथवर होते. १ मेची त्यांना सुट्टी. निकाल लागला की संध्याकाळी आम्हाला दोघांना सायकलवर घेऊन कॉकटेल खायला न्यायचे. वर्षातून ते एकदाच. सातवीत मी गणितात आपटले. वरच्या वर्गात घातलं, म्हणजे ढकलपास. आबा ओरडले नाहीत. शर्ट घालता घालता एवढंच म्हणाले, "ढकलपासाला कॉकटेल नसतंय." आणि दादाला घेऊन गेले. सायकलची घंटा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आली.

दादा परत आला तेव्हा त्याने खिशातून रुमाल काढला. आत चेरी. चुरगळलेली, कोमट, रुमालाला लाल डाग. मी ती माजघरात दाराआड उभी राहून खाल्ली. त्या रुमालापायी दादाचं पुढचं सगळं मी माफ करत आलेय, माझी सायकल मोडली तेही.

तर आज. जेवणं झाली. तांबड्याने सगळ्यांची नाकं वाहत होती, भाचा तर पाणी पिऊन पिऊन थकला होता. मी ग्लास मांडले. तळाला कलिंगडाचे तुकडे, त्यावर आंब्याचं खरवडून तीन चमचे, टुटीफ्रुटी, वर चेरी. भाचीने आग्रहाने गोटी सोडा आणवला होता. तो ओतला तसा ग्लासभर पिवळा फेस चढला आणि अर्धा टेबलावर. पहिला घास घेतल्यावर कुणी बोललं नाही, हे माझ्या घरात क्वचित होतं.

मग मी तो मंडईतला किस्सा सांगितला, चेरी म्हणजे करवंद. आणि ओघात, पोरांना, रुमालाचाही. तुमच्या बाबाने स्वतःच्या ग्लासातली काढून आणली होती माझ्यासाठी.

दादा चमचा चाटत होता. म्हणाला, "मी कुठली आणतोय? माझी मी खाल्ली. ती आबांनी दिली, त्यांच्या ग्लासातली. 'दे तिला, मी दिली म्हणू नको.' रुमालपण त्यांचाच."

मी गप्प. इतक्या वर्षांत बोलला नाही?

"सांगू नको म्हणाले होते नव्हं."

तेवढ्यात आई. "काहीतरीच. ह्यांनी कधी कॉकटेल खाल्लं? ह्यांचे दात ठणकायचे थंडानं. तुम्ही खायचासा, हे समोर चहा घेऊन बसायचे."

दादा म्हणाला, त्या दिवशी घेतलं होतं. आई म्हणाली, कधीच नाही. दादा म्हणाला, तू होतीस का तिथे? आई म्हणाली, चाळीस वर्षं संसार केलाय. दोघंही खात खात भांडत होते. दादाला गोष्टी रंगवायची सवय आहे, हे खरं. आईला आता कालचं आठवत नाही, हेही खरं. रुमालाचा रंग मी आठवून बघितला. लाल डाग तेवढा आठवतो. आबांचे रुमाल पांढरे असत आणि त्यांना कायम ग्रीसचा वास. वास आठवत नाही.

२ मे

पोरं पहाटेच दादाबरोबर रंकाळ्यावर गेलीत. डब्यात तळाला दोन ग्लासांपुरतं उरलंय. साचा धुऊन गच्चीत उन्हात ठेवला. आई म्हणते सावलीत ठेव, लाकूड तडकेल. हलवायला गेले तर बुडाशी फळीवर आबांनी खिळ्याने कोरलेली अक्षरं दिसली, आमच्या दोघांची नावं, दादाचं वर, माझं खाली. माझ्या नावात वेलांटी चुकली आहे.