तुम्ही विचारलंत म्हणून: ऑलिव्हियाच का?

जुन्या हॉलिवूडचा विषय निघाला की मला हा प्रश्न येतोच. गार्बो, बेटी डेव्हिस, इन्ग्रिड बर्गमन अशा एकाहून एक सरस नट्या असताना ऑलिव्हिया डी हॅव्हिलंडचं नाव तुम्ही आधी का घेता? 'गॉन विथ द विंड'मधली ती सोशिक मेलनीच ना?

हो, तीच. आणि त्या सोशिक मेलनीनेच वॉर्नर ब्रदर्स या बड्या स्टुडिओला कोर्टात खेचून हरवलं होतं.

जन्म १९१६ चा, टोकियोत, इंग्रज आईबापांच्या पोटी. वाढली कॅलिफोर्नियात. शेक्सपियरच्या एका नाटकात बदली नटी म्हणून उभी राहिली आणि अठराव्या वर्षी वॉर्नरच्या करारात अडकली. एरॉल फ्लिनबरोबर तिने आठ चित्रपट केले. त्यातल्या बहुतेकांत तिचं काम सुंदर दिसायचं आणि नायकाने सोडवेपर्यंत वाट पाहायची. मेलनीसाठी तिला दुसऱ्या निर्मात्याकडे पाठवायला स्टुडिओचे प्रमुख जॅक वॉर्नर तयार नव्हते, तेव्हा तिने त्यांच्या पत्नीकडे शब्द टाकून परवानगी मिळवली. तिची चिकाटी तेव्हाच दिसली होती.

त्या काळचा स्टुडिओचा करार कसा असे, हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नटीने भूमिका नाकारली की पगार बंद. वर तो घरी बसलेला काळ कराराच्या शेवटी जोडला जायचा. म्हणजे जितकं 'नाही' म्हणाल, तितकी बांधिलकी लांबत जाणार. १९४३ मध्ये तिची सात वर्षं भरली, तर स्टुडिओने आणखी सहा महिने काढायला सांगितले. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यात मात्र अशा नोकरीच्या कराराला सात वर्षांची मर्यादा होती. ही सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं, असा दावा तिचे वकील मार्टिन गँग यांनी केला. बेटी डेव्हिस १९३६ मध्ये याच स्टुडिओशी लंडनच्या कोर्टात भांडून हरली होती, हे ऑलिव्हियाला ठाऊक होतं. तरी ती उभी राहिली. वॉर्नरने इतर स्टुडिओंना तिला काम देऊ नका अशी पत्रं धाडली आणि तिचं काम जवळजवळ दोन वर्षं बंद पडलं. त्या काळात ती लष्करी इस्पितळांमधून जखमी सैनिकांना भेटत फिरली. निकाल तिच्या बाजूने लागला, १९४४ मध्ये अपिलातही टिकला. तो नियम आजही 'डी हॅव्हिलंड कायदा' म्हणून ओळखला जातो. पुढे गायक-वादकांनीही त्याचा आधार घेतला.

लोकांना तिचं आणि धाकट्या बहिणीचं, जोन फॉन्टेनचं, वैर चघळायला जास्त आवडतं. मला त्यात रस नाही. मिळालेल्या मोकळीकीचं तिने काय केलं, ते मला महत्त्वाचं वाटतं. १९४६ च्या 'टू ईच हिज ओन'साठी पहिलं ऑस्कर. 'द स्नेक पिट'साठी तिने मनोरुग्णालयांत जाऊन रुग्ण आणि उपचार जवळून पाहिले. आणि मग 'द हेअरेस'. न्यूयॉर्कला ते नाटक पाहून तिनेच दिग्दर्शक विल्यम वायलरला ते सुचवलं. रूपाने साधी, बापाच्या तिरस्काराखाली वाढलेली श्रीमंत मुलगी; प्रियकर तिला सोडून जातो. त्या रात्री ती सामानाची पेटी घेऊन जिना चढते. रिकामी पेटी उचलून ती चाल जमेना, म्हणून वायलरने पेटीत पुस्तकं भरायला लावली. पडद्यावर त्या पायऱ्या चढताना तिचं वय वाढताना दिसतं. ही भूमिका जुन्या करारात तिच्या वाट्याला कधीच आली नसती, अशी माझी खात्री आहे. दुसरं ऑस्कर तिला याच चित्रपटाने दिलं.

पुढे ती पॅरिसला गेली. १९६५ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या परीक्षक मंडळाची पहिली स्त्री अध्यक्ष झाली. शंभरी ओलांडल्यावर, एका मालिकेत आपल्याला न विचारता आपलं पात्र रंगवलं म्हणून तिने पुन्हा दावा लावला. २०१८ मध्ये ती तो हरली. निकाल मला योग्यच वाटतो. खऱ्या माणसांवर लिहायची मोकळीक हवीच. पण त्या वयात वकील गाठणाऱ्या बाईबद्दलचा माझा आदर त्याने कमी झाला नाही. २०२० मध्ये, १०४ व्या वर्षी, ती गेली.

तेव्हा मेलनी पाहून झाली असेल, तर आता 'द हेअरेस' पाहा. 'द स्नेक पिट' त्यानंतर, आणि तोही एकाच दिवशी नको.